जुन्या गाडीला ‘टर्बो’ची जोड : जुगाडाची किंमत कोण मोजणार?

परभणी : जुनी मोटार टिकवून धरणे हा मराठवाड्यात हौसेपेक्षा गरजेचा विषय आहे. नव्या गाडीच्या किमती मध्यमवर्गीयांच्या आणि मध्यम शेतकऱ्यांच्या हाताबाहेर गेल्या असताना, पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेली ‘मारुती ८००’ किंवा ‘सुमो’ आणखी काही वर्षे चालावी, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र अशी गाडी बाळगणे दिवसेंदिवस महाग होत चालले आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेऐवजी पाच हजार रुपये लागू लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या हलक्या वाहनांसाठी हे शुल्क दहा हजारांवर गेले. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

एकीकडे हा भार वाढत असताना दुसरीकडे रस्ते बदलले आहेत. कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत, परभणी या पट्ट्यातून नांदेडकडे जातो. ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग जालन्याजवळ गाठता येतो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. चार माणसे आणि सामान घेऊन निघालेल्या सदतीस अश्वशक्तीच्या गाडीला अशा रस्त्यावर उसाच्या ट्रकला ओलांडताना धाप लागते. ‘गाडी पिकअप घेत नाही’ ही गॅरेजमधली नेहमीची तक्रार आहे. तिच्यावर उपाय म्हणून भंगारातला टर्बो, वेल्डिंग केलेला मॅनिफोल्ड आणि चार पाइप एवढ्या भांडवलावर जुन्या इंजिनाची ताकद वाढवण्याची कल्पना तरुण मेकॅनिकांना आणि हौशी मालकांना भुरळ घालते.

ही कल्पना अशक्य कोटीतली नाही. टर्बो या भागाला नवा नाही. ट्रक, हार्वेस्टर आणि अलीकडच्या डिझेल जीपगाड्यांमुळे तो येथील कारागिरांच्या हाताखालून गेलेला आहे. प्रश्न आहे तो कमी खर्चातला घरगुती टर्बो खरोखर स्वस्त पडतो का, आणि बिघडला तर त्याची किंमत कोण मोजतो, हा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तपासली, तर दोष केवळ जुगाड करणाऱ्यांच्या माथी मारता येत नाही. त्यांना रीतसर वाट न देणारी व्यवस्थाही तितकीच जबाबदार ठरते.

वाया जाणाऱ्या धुराचे काम

टर्बोचे तत्त्व शंभर वर्षांहून जुने आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र बाहेरची हवा खेचून ती दाबाने इंजिनात कोंबते. हवा जास्त गेली की तेवढ्याच प्रमाणात इंधन जास्त जाळता येते आणि त्याच आकाराचे इंजिन अधिक ताकद देते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल क्षणभर तुटले तरी तो निकामी होतो.

कंपनीने केलेला असा बदल आपल्या रस्त्यांवर दिसलेला आहे. टाटांची ‘सिएरा’ १९९१ मध्ये आली तेव्हा तिच्या १९४८ सीसी डिझेल इंजिनाची ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आत होती. १९९७ मध्ये त्याच आकाराच्या इंजिनाला टर्बो आणि इंटरकूलर जोडल्यावर ती नव्वदच्या घरात गेली. डिझेल इंजिनात इंधन आयत्या वेळी फवारले जाते, त्यामुळे दाब वाढला तरी ते अवेळी पेट घेण्याची भीती नसते. म्हणूनच डिझेल इंजिने टर्बो सहज पचवतात. पेट्रोलचे तसे नाही. तेथे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आधीच तयार झालेले असते. ते जास्त दाबले, जास्त तापले, तर ठिणगीची वाट न पाहता स्वतःच भडकते. इंजिनातून खडखड ठोके ऐकू येतात आणि ते चालू राहिले तर पिस्टनला भोक पडते किंवा हेड गॅसकेट उडते.

भंगारातला टर्बो निवडताना ही मंडळी अगदीच अंदाजपंचे चालतात, असेही म्हणता येणार नाही. स्विफ्टसारख्या गाड्यांत असलेल्या १२४८ सीसी डिझेल इंजिनाचा छोटा टर्बो जुन्या बाजारात काही हजार रुपयांत मिळू शकतो. हे इंजिन चार हजार फेऱ्यांपर्यंत चालते, तर ८०० चे ७९६ सीसी पेट्रोल इंजिन साडेपाच हजारांपर्यंत. सिलिंडरचा आकार आणि फेरे यांचा गुणाकार केला तर हवेची मागणी त्या टर्बोच्या आवाक्यात बसते. म्हणजे मापाचा मेळ जमतो. तापमानाचा मात्र जमत नाही. पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलच्या धुरापेक्षा साधारण दीड-दोनशे अंशांनी अधिक गरम असतो आणि डिझेलसाठी घडवलेला टर्बो ती आच फार काळ सोसेलच याची हमी नसते.

परभणीच्या उन्हाचे गणित

थंड देशांतल्या हौशी मंडळींचे प्रयोग पाहून येथे हात घालणाऱ्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे हवेचे तापमान. हवा दाबली की तापते. आणि परभणीत मे महिन्यात ती दाबण्याआधीच तापलेली असते.

अर्धा बार, म्हणजे टायरमध्ये हवा भरणाऱ्याच्या भाषेत सुमारे सात पौंड, एवढा अतिरिक्त दाब घरगुती टर्बोसाठी माफक समजला जातो. बाहेरची हवा ४२ अंश सेल्सिअस असताना आणि टर्बोची कार्यक्षमता पासष्ट टक्के धरली असता, दाबल्यानंतर हवेचे तापमान शंभर अंशांच्या पुढे जाते. गरम हवा विरळ असते. त्यामुळे दाब पन्नास टक्क्यांनी वाढला तरी इंजिनात प्रत्यक्ष जाणारी हवा केवळ २६ टक्क्यांच्या आसपास वाढते. बाकीचा लाभ उष्णतेत विरून जातो. हीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे रेडिएटरसारख्या जाळीतून, नेऊन ६५ अंशांवर आणली, तर वाढ चाळीस टक्क्यांच्या जवळ जाते. परंतु लहान गाडीच्या नाकात आधीच रेडिएटर असतो. एसी असेल तर त्याची जाळीही असते. त्यात तिसरी जाळी बसवली की रेडिएटरला वारा कमी मिळतो आणि इंजिन गरम होण्याची जुनी तक्रार नव्याने सुरू होते.

आता हिशेब मांडू. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या ‘मारुती ८००’ची ताकद सुमारे ३७ अश्वशक्ती. इंटरकूलरविना टर्बोने तिच्यात २६ टक्के भर पडली असे धरले, तर ती ४६-४७ पर्यंत जाते. प्रत्यक्षात धुराच्या वाटेत चक्र आल्याने होणारा अडथळा त्यातूनही काही वजा करतो. आणि गंमत अशी, की त्याच ७९६ सीसी आकाराचे बारा व्हॉल्व्हचे, इंजेक्शनवर चालणारे इंजिन कंपनीने २००० च्या सुमारास बाजारात आणले, तेव्हा कोणत्याही टर्बोशिवाय ते सुमारे ४५ अश्वशक्ती देत होते. म्हणजे एवढा खटाटोप, एवढी जोखीम पत्करून हौशी मालक परभणीच्या उन्हात जेथे पोचतो, तेथे कारखाना सुधारित हेड आणि इंधनपुरवठ्याच्या जोरावर पाव शतकापूर्वीच पोचला होता.

स्वस्त काय, महाग काय?

या कामात टर्बो हीच सर्वांत स्वस्त वस्तू असते. खर्च वाढतो तो त्याच्याभोवतीच्या गोष्टींवर, आणि नेमक्या त्याच गोष्टींवर काटकसर केली जाते.

पहिली गोष्ट तेलाची. टर्बोला इंजिनातून तेलाची वेगळी नळी द्यावी लागते. साधारणतः ऑइल प्रेशरचा स्विच असतो तेथून ती काढतात. तेल परत चेंबरमध्ये उतरण्यासाठी मोठ्या व्यासाची आणि सतत उतार असलेली नळी लागते. तिचे तोंड चेंबरमधील तेलाच्या पातळीच्या वर असावे लागते. जागा नाही म्हणून नळी आडवी नेली की तेल टर्बोतच तुंबते, सीलमधून बाहेर येते आणि सायलेन्सर निळा धूर ओकू लागतो. हेच गळके तेल तापून लाल झालेल्या टर्बोच्या कवचावर किंवा मॅनिफोल्डवर पडले तर बॉनेटखाली आग लागायला दुसरे निमित्त लागत नाही.

दुसरी गोष्ट मॅनिफोल्डची. सायलेन्सरचा पातळ पाइप वेल्ड करून काम भागवले तर काही दिवसांत तो तडकतो. टर्बोचे वजन आणि सततचे तापणे-थंड होणे सोसायला जाड भिंतीचा पाइप आणि लेथवर सरळ केलेला जाड फ्लँज हवा. हे काम परभणीतल्या किंवा सेलूतल्या चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याला जमण्यासारखे आहे. ते चिकाटी मागते इतकेच.

तिसरी आणि सर्वांत घातक गोष्ट इंधनाची. टर्बोचा दाब कार्ब्युरेटरवर आला की त्याच्या वाटीतले पेट्रोल मागे रेटले जाते. जुन्या गाडीचा यांत्रिक पंप फार कमी दाबाने पेट्रोल देतो. टर्बोचा दाब त्याच्यापेक्षा वरचढ ठरला की गाडीला सर्वाधिक पेट्रोल हवे असते त्याच क्षणी ते आटते. मिश्रण कोरडे पडते, ज्वलनाचे तापमान वाढते आणि पिस्टन वितळतो. त्यासाठी टर्बोच्या दाबाबरोबर इंधनाचा दाबही वाढवणारा रेग्युलेटर आणि वेगळा विजेचा पंप लागतो. इंजेक्शनच्या गाडीत अडचण वेगळी असते. तिच्या संगणकाला वातावरणाच्या दाबापलीकडची हवा मोजण्याची सोयच दिलेली नसते. त्याला नवे धडे शिकवायचे तर वेगळे उपकरण आणि ते जाणणारा माणूस हवा. हा खर्च टर्बोच्या किमतीच्या कित्येक पट होतो. ठिणगीची वेळ थोडी मागे घेणे, दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी वेस्टगेटची झडप नीट लावणे आणि मिश्रण मोजणारा मीटर बसवणे ही कामेही टाळण्यासारखी नाहीत.

इथेनॉलने या प्रश्नाला नवी बाजू दिली आहे. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. त्याविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. इथेनॉलमुळे इंधनाचा ऑक्टेन वाढतो आणि ठोक्यांचा धोका कमी होतो, ही टर्बोसाठी अनुकूल बाब. मात्र इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या जुन्या जेटमधून हे मिश्रण गेले की ते सात-आठ टक्क्यांनी कोरडे ठरते. साध्या गाडीत याचा परिणाम पिकअप आणि अ‍ॅव्हरेजवर होऊन थांबतो. टर्बो लावलेल्या गाडीत तोच कोरडेपणा इंजिनाच्या जिवावर बेततो. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉल सोसत नाहीत. दाबाखालची पेट्रोलची नळी लालभडक टर्बोजवळ चिरली तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

चौथी गोष्ट थांबण्याची. सुमारे साडेसहाशे किलो वजनाची, बारा इंची चाकांची गाडी ज्या वेगासाठी घडवली गेली, तेवढेच तिचे ब्रेक आहेत. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत दीडपटीहून अधिक ऊर्जा साठलेली असते. ती ब्रेकला जिरवावी लागते. इंजिनावर पैसे खर्च करणारा माणूस शेवटी ब्रेक आणि टायरपाशी हात आखडता घेतो. वास्तविक क्रम उलटा असायला हवा.

१९६२ चा धडा

या अडचणी केवळ हौशी लोकांच्या वाट्याला आल्या, असे नाही. अमेरिकेत १९६२ मध्ये जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल विभागाने ‘जेटफायर’ ही टर्बो बसवलेली पेट्रोल मोटार विक्रीस आणली. ठोके टाळण्यासाठी कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची योजना केली. त्याची वेगळी टाकी मालकाने वेळोवेळी भरायची होती. अनेक मालकांनी ती भरलीच नाही. तक्रारी वाढल्या, गाडी दोन वर्षांत बंद झाली आणि कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीची ही गत झाली. टर्बो बसवण्यापेक्षा तो रोजच्या वापरात, सामान्य मालकाच्या हाती सुखरूप ठेवणे अवघड आहे, हा त्यातला धडा.

पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले तेव्हा हा पेच सुटला. आपल्याकडे टाटांनी २०१४ मध्ये ‘झेस्ट’मधून टर्बो पेट्रोल इंजिन सर्वसामान्यांसाठी आणले. आता लहान टर्बो पेट्रोल इंजिने नेहमीची झाली आहेत. मात्र ही इंजिने मुळापासून त्यासाठी घडवलेली असतात. ठोक्यांची चाहूल घेणारे सेन्सर ठिणगीची वेळ क्षणाक्षणाला बदलत असतात. वीस वर्षे वापरलेल्या, रिंगा झिजलेल्या इंजिनावर बाहेरून टर्बो चढवणे आणि ही इंजिने यांची तुलनाच होऊ शकत नाही.

कायद्याची भिंत

तांत्रिक अडचणी सोडवल्या तरी पुढे कायदा उभा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात उच्च न्यायालयाने काहीशी सैल भूमिका घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी ती रद्द ठरवून हे बंधन काटेकोरपणे पाळण्यावर भर दिला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. सुटे भाग बाहेरून बसवण्यासह कोणताही अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. येथे बोट मालकावर ठेवले आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. काम गॅरेजने केले तरी गाडी ज्याच्या नावावर, गुन्हाही त्याच्याच नावावर.

काही जण असा युक्तिवाद करतात, की नोंदणी पुस्तकात इंजिनाची घनक्षमता असते, टर्बोने ती बदलत नाही, मग नियमभंग कोठे झाला? हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर चालेल. न्यायालयाचा रोख उत्पादकाच्या मूळ तपशिलावर आणि नव्या कलमाचा रोख बाहेरून बसवलेल्या भागांवर असताना तो टिकणे कठीण आहे. विम्याचेही तेच. गाडीतील बदल विमा कंपनीला कळवणे ही मालकाची जबाबदारी असते. न कळवलेला टर्बो आगीनंतर किंवा अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस पडला, तर भरपाईचा दावा अडचणीत येऊ शकतो. आणि अपघातात समोरच्याचा जीव गेला, तर त्या कुटुंबाचा लढा किती लांबेल, हे सांगता येत नाही.

दुसरीकडे, या बंदीची अंमलबजावणी योगायोगावर सोडलेली आहे. पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी गाडी जागेवर उभी ठेवून होते. त्या अवस्थेत टर्बो दाब देतच नाही. त्यामुळे रस्त्यावर काळा धूर सोडणारी गाडी तपासणी केंद्रावर निर्दोष ठरू शकते. परिवहन खात्याच्या निरीक्षकाने बॉनेट उघडून पाहिल्याशिवाय बदल उघडकीस येत नाही. म्हणजे कायदा कडक, पण डोळे मिटलेला. अशा स्थितीत प्रामाणिक माणूस प्रयोग सोडून देतो आणि बेफिकीर माणूस तो लपूनछपून करतो.

देवराष्ट्रेच्या गाडीने काय शिकवले?

या कोंडीचे सर्वपरिचित उदाहरण सांगली जिल्ह्यातले आहे. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून सुमारे साठ हजार रुपयांत एक छोटी जीप तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पसरली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्यांच्या कल्पकतेचे कौतुक केले. नियमांत बसत नसल्याने प्रशासन आज ना उद्या ही गाडी अडवील, असेही त्यांनी त्याच वेळी नमूद केले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

ही कथा सुखान्त म्हणून सांगितली जाते आणि त्या कुटुंबापुरती ती आहेही. परंतु तिचा अर्थ नीट पाहिला तर अस्वस्थ व्हायला होते. कारागिराचे कौशल्य मान्य झाले, ते एका उद्योगपतीच्या औदार्यामुळे. त्या गाडीची रीतसर तपासणी करून ‘हे बदल करा, मग परवानगी मिळेल’ असे सांगणारी कोणतीही यंत्रणा त्यांच्या आवाक्यात नव्हती. प्रत्येक तालुक्यातल्या प्रत्येक हुशार फिटरला बोलेरो मिळणार नाही. त्याला हवी आहे ती परीक्षा देण्याची सोय.

बंदीपलीकडची वाट

अशी सोय अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. त्याच कलम ५२ मध्ये सीएनजी, एलपीजी आणि बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी बदल करण्याची मुभा ठेवली आहे. मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा आणि नोंदणी पुस्तकात नोंद अशी त्याची शिस्त रुळली आहे. दिव्यांगांसाठी वाहनात बदल करण्याची तरतूदही कायद्याने केली आहे. या बदलांतही धोका होता. तो तपासणीने आटोक्यात आणला गेला. टर्बोसारख्या बदलांना मात्र अशी रुळलेली वाट नाही. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून आहे. पण तेथील चाचण्यांचा खर्च आणि पद्धत कारखान्यांसाठी आखलेली असते. जिंतूरच्या एका गॅरेजमधली एक गाडी तेथे जाणार कशी?

जर्मनीत गाडीत केलेला बदल तांत्रिक तपासणी संस्थेच्या अभियंत्याला दाखवावा लागतो. तो ब्रेक, धूर, जोडकाम तपासतो, पसंत पडले तर कागदपत्रांत नोंद होते आणि नापसंत पडले तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नियम तेथेही कडकच आहेत, पण त्यांना दार आहे. आपल्याकडेही शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकचे अभ्यासक्रम चालतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. परिवहन कार्यालय, अशा संस्था आणि पुण्याची संशोधन संस्था यांनी मिळून एक-एक गाडी तपासण्याची माफक शुल्काची पद्धत बसवणे धोरणकर्त्यांनी मनावर घेतले तर अवघड नाही. निदान विद्यार्थ्यांना असा प्रयोग बंद आवारात, शिक्षकांच्या देखरेखीखाली करता आला तरी पुष्कळ झाले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या ‘सुप्रा’ आणि ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धांत मुले आपल्या गाड्या स्वतः बांधतात आणि ट्रॅकवर उतरण्याआधी त्यांची कसून तांत्रिक तपासणी होते. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर वेगाच्या शर्यती झालेल्या आहेत. वेगाची हौस भागवण्याची जागा तीच. परभणी–गंगाखेड रस्ता नव्हे.

तोवर जुन्या गाडीच्या मालकाने काय करावे? व्यवहाराचा सल्ला साधा आहे. नवी ताकद जोडण्याआधी हरवलेली ताकद शोधावी. सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. व्हॉल्व्ह बसवणे, कार्ब्युरेटर साफ करून जेट पाहणे, ठिणगीची वेळ लावणे, घसरणारी क्लच प्लेट बदलणे आणि इथेनॉलला टिकणाऱ्या पेट्रोलच्या नळ्या टाकणे एवढ्यावर बहुतेक गाड्यांची धाप कमी होते. उरलेले पैसे टायर आणि ब्रेकवर घालावेत. हे सारे कायद्यात बसते, विम्यात बसते आणि रात्री कुटुंब घेऊन निघालेल्या माणसाला नीट घरी पोचवते.

टर्बोचे आकर्षण या भागातल्या तरुणांच्या हातातल्या कसबाची खूण आहे. तिची हेटाळणी करण्याचे कारण नाही. मात्र आजच्या स्थितीत स्वस्त टर्बोचा खरा हिशेब टर्बोच्या किमतीत दिसत नाही. तो वितळलेल्या पिस्टनात, अडकलेल्या विमा दाव्यात आणि समोरून येणाऱ्या अनोळखी कुटुंबाच्या जिवात दडलेला असतो. मालकाने रस्त्यावर हा जुगार खेळू नये. आणि शासनाने कसब तपासण्याची सोय न करता नुसते दंडाचे कलम दाखवून आपली जबाबदारी संपली असे मानू नये. बंदीने प्रयोग थांबत नाहीत, ते अंधारात जातात आणि अंधारातल्या प्रयोगांचे अपघात मात्र भर रस्त्यात होतात.